मुहूर्त आणि मार्ग

लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ मिनिटासह छापलेली असते, कार्यालयाचा पत्ता खाणाखुणांसह दिलेला असतो, आणि तळाशी घरातील चिमुकल्यांच्या नावाने आग्रहाचे बोलावणेही असते. मात्र ती वेळ आणि तो पत्ता यांच्यामध्ये जो रस्ता पसरलेला असतो, त्याविषयी पत्रिका एक अक्षरही बोलत नाही. यजमानाने वेळ आणि स्थळ ठरविले म्हणजे त्याचे काम संपले, तेथवर येणे ही ज्याची त्याची बाब, असा आपला सर्वांचा समज आहे. हा समज नीतीच्या कसोटीस कितपत उतरतो, याचा विचार करण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे. विषय घरगुती दिसतो खरा. परंतु जे प्रश्न घरात सुटत नाहीत, ते ग्रंथांत सोडवून फारसा लाभ होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही नवी मुंबईत राहतो. हे शहर वसविण्यासाठी सिडको ही संस्था १९७० साली स्थापन झाली; म्हणजे येथील पुष्कळशा घरांना अद्याप तिसरी पिढीही लाभलेली नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांची गोष्ट निराळी; ती मंडळी या भूमीची मूळचीच. बाकीचे आम्ही कोठून तरी आलेलो आहोत. तुर्भ्याच्या बाजार समितीत ओझी वाहणारे माथाडी पुष्कळसे सातारा-सांगलीकडचे. कचेऱ्यांतील मंडळी कोकणातली, खानदेशातली, विदर्भातली. यामुळे आमच्याकडील लग्न म्हणजे बहुधा प्रवासच असतो. वधू येथली तर वर घाटावरचा, वर येथला तर वधू देशावरची. तुळशीचे लग्न लागले की नेरूळ, कोपरखैरणे, कामोठे येथील रस्त्यांच्या कडेला मध्यरात्री बस उभ्या दिसू लागतात. फुलांच्या करंड्या, आहेराच्या पेट्या, शालीत गुरफटलेल्या आजीबाई आणि झोपेने पेंगुळलेली मुले आत चढविली जातात, गणपतीच्या नावाने नारळ फुटतो, आणि वऱ्हाड घाटाच्या दिशेने निघते.

असेच एक वऱ्हाड २०२४ सालच्या मार्गशीर्षात आमच्या इमारतीतून निघाले. एका स्नेह्यांच्या चिरंजीवांचे लग्न साताऱ्यास होते. मुहूर्त सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांचा. नेरूळहून सातारा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पहाटे साडेतीनला निघावे, म्हणजे वाटेत न्याहारी करूनही नऊच्या आत पोहोचता येईल, असा हिशेब मांडलेला होता. बस पावणेपाचला आली. चालक पंचविशीतला तरुण होता आणि त्याचे डोळे तांबारलेले होते. दुसरे एक वऱ्हाड नाशिकहून आणून, ते सोडून तो परस्पर आमच्याकडे आला होता. हे आम्ही ऐकले. शेजारच्या दोघांतिघांनी ऐकले. आणि "चहा घ्या हो" असे म्हणून आम्ही सर्वांनी आपापल्या सदसद्विवेकाची समजूत घातली.

घाट चढून लोणावळ्याच्या माथ्यावर आलो तेव्हा नुकते उजाडत होते. परंतु उजेडाऐवजी धुकेच वाढत गेले. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे दिसत आणि नाहीसे होत. चालकाने वेग कमी केला आणि मागे वळून न पाहताच म्हटले, "काका, पुढचं काही दिसत नाही. इथे पंपावर अर्धा-पाऊण तास थांबलो तर बरं होईल." वरमामा पुढच्याच आसनावर होते. ते स्वभावाने कठोर नव्हते. रात्रभर सर्वांची उठाठेव त्यांनीच केली होती. ते म्हणाले, "अहो, मुहूर्त काही आपल्यासाठी थांबायचा नाही. हळूहळू घ्या, पण घ्या." चालकाने क्षणभर आरशातून आम्हां सर्वांकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. बस पंपाजवळ न वळता पुढे गेली.

आम्ही साडेदहाला साताऱ्यास पोहोचलो. वाजंत्री लागलीच सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या. वरमामांनी हातातील घड्याळ आम्हांस अभिमानाने दाखविले. जेवणे उत्तम झाली. परतताना धुक्याची गोष्ट निघाली ती गमतीची म्हणून निघाली.

यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, पुण्याकडून महाडच्या बाजूला लग्नास निघालेली एक बस ताम्हिणी घाटातील वळणावर उलटली आणि पाच वऱ्हाडी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताची कारणे ठरविणे आमचे काम नव्हे, आणि तेथील कोणाही माणसावर दोष ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ते वृत्त वाचून आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो आमच्याच बसविषयीचा होता, आणि तो आजतागायत गेलेला नाही. आम्ही सुखरूप पोहोचलो, म्हणून निर्दोष ठरलो काय?

लोकव्यवहाराचे उत्तर सोपे आहे. जे घडलेच नाही त्याचा दोष कसला? पोहोचलात ना? मग झाले! कायद्याचे उत्तरही काही अंशी याच वळणाचे आहे. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालविण्यास सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड सांगितला आहे. मात्र निष्काळजीपणामुळे मनुष्याचा मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. चालविणाऱ्याचे कृत्य दोन्ही ठिकाणी अक्षरशः एकच असू शकेल. पहिल्याच्या वाटेत कोणी आले नाही, दुसऱ्याच्या वाटेत कोणी आले, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक त्या दोघांपैकी कोणाच्याही हातचा नव्हता.

या कोड्याकडे पाश्चात्य तत्त्वज्ञांचे लक्ष गेलेले आहे. कांटने १७८५ साली असे प्रतिपादन केले की, कृतीची नैतिक योग्यता तिच्या मागील सद्बुद्धीत असते. परिणाम अनुकूल झाला म्हणून ती वाढत नाही आणि प्रतिकूल झाला म्हणून घटत नाही. पुढे १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी एकाच परिसंवादात दैव आणि नीती यांचा संबंध काय, हा प्रश्न नव्याने मांडला. आणि विशेष हे की, दोघांनाही उदाहरण सुचले ते मालमोटारीच्या चालकाचेच. नेगलचा चालक थोडा हलगर्जी आहे, त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. वाटेत मूल आडवे आले तर तो आयुष्यभर स्वतःस अपराधी मानील. मूल न आले तर त्यास आपल्या हलगर्जीपणाची आठवणही राहणार नाही. विल्यम्सचा चालक सर्वस्वी निर्दोष आहे. तरी त्याच्या गाडीखाली मूल सापडले तर 'माझा काय दोष' असे म्हणून तो चटकन् मोकळा झाला, तर आपणांस त्याच्याविषयी शंकाच वाटेल.

आम्हांस वाटते की, येथे दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत: एक दुःखाचे आणि एक दोषाचे. दुःखाच्या खात्यात दैवाचा हात निःसंशय आहे. ज्याच्या हातून अनर्थ घडला त्याचे दुःख, ज्याच्या हातून तो टळला त्याच्या वाट्यास येत नाही, आणि येऊही नये. परंतु दोषाच्या खात्यात दैवाला नोंद करू देणे म्हणजे सदसद्विवेकाची वही जुगाऱ्याच्या हाती देणे होय. धुक्यात, निद्राहीन चालकास, चाळीस माणसांसह पुढे हाकण्याचा निर्णय लोणावळ्याच्या माथ्यावर झाला. त्याची योग्यायोग्यता त्याच क्षणी ठरली. साडेदहा वाजता साताऱ्यास ती ठरावयाची राहिलेली नव्हती. सुखरूप पोहोचण्याने दोष नाहीसा होत नाही, तो केवळ झाकला जातो. आणि झाकलेला दोष पुन्हा घडतो. ताम्हिणीचे वृत्त आले नसते तर आम्हांस तो दिसलाही नसता, हीच गोष्ट आम्हांस अधिक लज्जास्पद वाटते.

आता हा दोष कोणाचा? पहिले बोट चालकाकडे वळते, कारण चाक त्याच्या हाती होते. परंतु थोडा विचार केला तर ते बोट तेथे फार वेळ टिकत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामास साधारणतः दिवसास आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असे सांगितले होते. मग आमचा चालक रात्रभर जागून दुसऱ्या वऱ्हाडास का निघाला? याचे कारण आमच्याच पंचांगात सापडते. चातुर्मासात लग्ने नाहीत. पौषात बहुधा टाळतात. जे दिवस उरतात त्यांतून गुणमेलन, सुट्टी आणि कार्यालयाची उपलब्धता यांच्या चाळणीतून मोजक्याच तारखा खाली येतात. मग एकाच दिवशी शेकडो लग्ने, शेकडो वऱ्हाडे, आणि बस व चालक मात्र होते तेवढेच. मालक दोन फेऱ्या लावतो, चालक नकार देत नाही, कारण पौषात त्यास काम नसते. म्हणजे ज्या रात्री त्याने झोपावयास हवे त्याच रात्री त्याला जागविण्याची योजना आपण सर्वांनी मिळून, एकमेकांस न विचारता, केलेली असते.

आणि तरीही त्या तरुणाने थांबण्याचे सुचविले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. बसमध्ये धोक्याचा शब्द उच्चारणारा तोच एकटा होता, आणि त्या शब्दाची सर्वांत मोठी किंमत ज्यास पडणार होती तोही तोच. वरमामांचा हुकूम मोडला तर भाडे बुडणार, मालकाकडे तक्रार जाणार. उलट आम्हां पाहुण्यांपैकी कोणी, "अहो, थांबू या थोडे, मुलेबाळे आहेत बरोबर," एवढे म्हटले असते तर आमचे काय जाणार होते? फार तर वरमामांच्या कपाळावर एक आठी. यावरून आम्हांस जबाबदारीचे एक माप हाती आल्यासारखे वाटते. अशा प्रसंगी चाक कोणाच्या हाती होते, एवढेच पाहून भागत नाही. 'नाही' म्हणणे कोणास किती स्वस्त होते, हेही पाहिले पाहिजे. ज्यास नकार सर्वांत स्वस्त, त्याच्या मौनाचा दोष सर्वांत जड. या मापाने मोजता चालकाचा वाटा हलका होतो, आणि खिडकीशेजारी शाल पांघरून बसलेल्या, लिहित्या-वाचत्या, वयस्क पाहुण्याचा, म्हणजे आमचा, वाटा बराच भारी होतो.

कोणी म्हणेल की, धोका कोठे नाही? रस्ता ओलांडतानाही धोका असतोच. सर्व सावधगिरी बाळगू म्हटले तर घराबाहेर पाऊल पडणार नाही. हे खरे आहे. परंतु स्वतः पत्करलेला धोका आणि दुसऱ्यावर लादलेला धोका यांत भेद आहे. मागील आसनांवर जी मुले झोपली होती, त्यांस धुक्यातून जावे काय, असे कोणी विचारले नव्हते. त्यांच्या वतीने उत्तर देणे हे जाग्या असलेल्यांचे काम होते, आणि आम्ही जागे असूनही ते केले नाही.

याहून गंभीर आक्षेप वचनाचा आहे. लग्न ठरते ते वाङ्निश्चयाने. शब्द दिला जातो, साखर वाटली जाते, घटका नेमली जाते. तिकडे वधूपिता पाचशे पाहुण्यांसह वाट पाहत उभा आहे. दिलेली वेळ पाळणे हा धर्मच नव्हे काय? वरमामांच्या मनात हीच भावना होती, आणि ती क्षुद्र नव्हती. परंतु वचन कशाचे दिलेले असते, हे नीट पाहिले पाहिजे. वाङ्निश्चयात वचन असते ते दोन माणसे एकमेकांस आणि दोन घरे एकमेकांस जोडण्याचे. घटका ही त्या वचनाची खूण आहे, वचनाचे सार नव्हे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही, जेथे विधीत सप्तपदी आहे तेथे विवाह पूर्ण होतो तो सातवे पाऊल पडल्यावर, असे म्हटले आहे. कोणत्या मिनिटास, असे म्हटलेले नाही. पूर्वी मांडवात घटिकापात्र ठेवीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत भरत जाई आणि चोवीस मिनिटांनी बुडे. ज्या पूर्वजांनी वेळ एवढ्या नाजूकपणे मोजली, त्यांनीच सकाळची घटका न साधल्यास दुसरी पाहण्याची, सायंकाळी गोरज साधण्याची सोयही करून ठेवली. वेळेस त्यांनी मान दिला. पण तिच्यापुढे माणसे ओवाळून टाकली नाहीत.

किंबहुना रस्त्याचा विसर हा परंपरेचा दोष नसून आपला आहे. सीमांतपूजन हा विधी आज कार्यालयाच्या दाराशी दहा मिनिटांत उरकला जातो. परंतु त्याचे नावच सांगते की, तो गावाच्या सीमेवर व्हावयाचा. वराकडील मंडळी आदल्या दिवशी वेशीपर्यंत येत, आणि वधूपक्ष तेथवर सामोरा जाऊन त्यांचे पाय धुई. धुळीने माखलेले ते पाय धुणे म्हणजे, 'तुम्ही आमच्यासाठी एवढी वाट चालून आलात, हे आम्ही जाणतो', अशी कबुलीच होती. लग्नविधीचा आरंभच मार्गाच्या स्मरणाने होत असे.

मग हे स्मरण कोठे हरवले? ते वेगात हरवले. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. आगगाडी १८६३ साली घाट चढली. द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडीपासून न्हाव्यापर्यंत समुद्रावरून अटल सेतू आला. प्रत्येक वेळी प्रवासाचे तास वाचले. या वाचलेल्या तासांतून आपण विसाव्याचे तास काढले असते तर वेग हे वरदान ठरते. परंतु आपण केले ते उलट: पूर्वी बैलगाडीने जाणारे आदल्या दिवशी पोहोचत, आणि आज महामार्गाने जाणारे मुहूर्ताच्या बारा मिनिटे आधी पोहोचतात. जितका रस्ता चांगला, तितके निघणे उशिराचे. वेगाने दिलेली सवड आपण वेगालाच परत केली आणि हाती काहीच ठेवले नाही.

येथे एका दूरदेशच्या साखरपुड्याची हकीकत सांगावीशी वाटते, कारण आमच्या धुक्याचा अर्थ आम्हांस तिच्यामुळे अधिक कळला. आमचे एक भाचे कॅनडात माँट्रियलनजीक राहतात. नाताळच्या सुट्टीत चारही दिशांची मराठी कुटुंबे एकत्र येऊ शकतात म्हणून त्यांच्या कन्येचा साखरपुडा डिसेंबरात योजिला होता. आदल्या रात्री हिमवादळाची सूचना झाली. भाच्यांनी सकाळी सर्वांस कळविले की, समारंभ पुढील शनिवारी. व्याही दोनशे किलोमीटरवरून यावयाचे होते. त्यांनी उलट आभार मानले. कोणाचा मानपान दुखावला नाही, कोणास अपशकुन वाटला नाही, पेढे शीतपेटीत गेले. त्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारीस हिवाळी टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे, कारण थंडीने साधे रबर कडक होते आणि त्याची पकड सुटते. आणि बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबावयास कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते, हे तेथे शिकाऊ चालकही जाणतो. अशा देशात निसर्गाचा नकार सर्वांच्या अंगणात पांढऱ्या ढिगाने पडलेला असतो. तो अमुक माणसाचा भित्रेपणा आहे, असे म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून तेथे थांबणाऱ्यास लाज वाटत नाही.

आमच्या घाटातील धुके तसे बोलत नाही. ते मऊ असते, सुंदर असते, आणि तासाभरात विरणार असते. ते रस्ता अडवीत नाही; फक्त दिसू देत नाही. मोठे दिवे लावले तर त्यांचा उजेड धुक्यावरच आदळून डोळ्यांत परत येतो. खालचे दिवे लावले तर थोडीशी वाट दिसते. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते, आणि धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज निघून जातो. पुढचे तीसच मीटर दिसत असतील तर दिसण्यापूर्वीच आदळण्याची वेळ येते. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम शाळेतील मुलासही ठाऊक आहे. पण मुहूर्ताच्या दिवशी त्याची आठवण देणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. जेथे निसर्ग स्पष्ट नकार देतो तेथे मनुष्यास फक्त तो ऐकावा लागतो. जेथे निसर्ग कुजबुजतो तेथे तो नकार मनुष्यासच मोठ्याने उच्चारावा लागतो. आमच्याकडील काम म्हणूनच अधिक कठीण आहे.

याउपर एक उत्तर शिल्लक राहते, आणि ते आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे: व्हावयाचे ते चुकत नाही. या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. शोकाच्या वेळी तिने अनेकांस सावरले आहे. परंतु तिचा उपयोग आपण किती सोयीने करतो, हे पाहण्याजोगे आहे. कार्यालय सहा महिने आधी ठरविताना, आचाऱ्यास आगाऊ रक्कम देताना, लाडवांची संख्या मोजताना आपण काहीही दैवावर सोपवीत नाही. दैवावर सोपवितो तो फक्त रस्ता. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितले, कर्मातील दक्षता सोडावयास नव्हे. उलट ज्याने फळाची आस सोडली आहे त्यास, मुहूर्त टळेल या भयानेही, कर्म बिघडवावयाचे कारण उरत नाही.

हे सर्व लिहिण्यास आणखी एक निमित्त आहे. आमच्या कन्येचे लग्न येत्या माघात ठरले आहे. वरपक्ष कोल्हापूरचा. या वेळी घटका ठरविणारे आम्ही आहोत, आणि घाट उतरून येणारे दुसरे आहेत. पंचांगात त्या दिवशी दोन मुहूर्त निघाले, एक सकाळी सव्वानऊचा आणि दुसरा सायंकाळचा. सकाळचा अधिक शुभ, असे गुरुजींनी सांगितले. कार्यालयही सकाळच्या सत्रास स्वस्त. आम्ही सायंकाळचा घेतला. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात अद्याप थोडी रुखरुख आहे, आणि ती नाहीशी करण्याइतकी युक्ती आमच्यापाशी नाही. कदाचित् गुरुजींचेच बरोबर असेल. परंतु ज्या शुभतेसाठी चाळीस माणसांस पहाटेच्या धुक्यातून यावे लागेल, ती आम्हांस घ्यावीशी वाटली नाही.

दोन सत्रांचे भाडे भरणे किंवा वऱ्हाडास आदल्या दिवशी बोलावून उतरविणे सर्वांस परवडत नाही, हे आम्ही जाणतो. आम्हांसही ते जड गेले. पण काही गोष्टींस पैसे लागत नाहीत. बस ठरवितानाच चालकाची आदली रात्र मोकळी आहे ना, हे विचारता येते. त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची जागा पाहुण्यांच्या यादीत लिहिता येते. बसमधील एखाद्या वडील माणसास सर्वांच्या देखत सांगून ठेवता येते की, चालक थांबू म्हणेल तेव्हा थांबावयाचे, आणि त्यावर चर्चा करावयाची नाही. थांबावयाचे ते मात्र रस्ता सोडून, पंपावर किंवा विश्रांतिस्थळी, कारण धुक्यात रस्त्यातच उभी राहिलेली गाडी हाही तेवढाच धोका आहे. आणि मुख्य म्हणजे, उशीर झाला तरी चालेल, हा शब्द वाट पाहणाऱ्याकडून आधी जावा लागतो. येणाऱ्यास तो मागता येत नाही. मानपानाच्या व्यवहारात ते कमीपणाचे वाटते. यजमानानेच तो न मागता द्यावा.

म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही व्याह्यांस पत्र लिहिले. दूरध्वनी असताना पत्र कशाला, असे घरात विचारले गेले. परंतु काही शब्द कागदावर असलेले बरे. मुहूर्त आणि पत्ता लिहून झाल्यावर खाली आम्ही इतकेच लिहिले की, दुपारच्या उजेडात घाट उतरावा. वाटेत धुके, झोप किंवा कसलीही अडचण आली तर खुशाल थांबावे. आम्ही आणि मुलगी वाट पाहू, आणि अक्षता तुम्ही आल्यावरच पडतील. व्याह्यांचे उत्तर काल आले. त्यांनी आभार मानून शेवटी एक ओळ लिहिली आहे, ती अशी की, हे पत्र त्यांनी बसच्या चालकास वाचून दाखविले.